भीती अंड्याची, बिस्किटाची नाही

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न आम्ही दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी विचारतो : “बाळाला वरचं काय काय सुरू केलंय?” उत्तर बहुतेक वेळा आजी देते. “सगळं देतो की, डॉक्टर.” सगळं म्हणजे काय, असं विचारलं की यादी सुरू होते आणि लगेच संपतेही. वरणाचं पाणी, भाताची पेज, दूध-बिस्कीट, कधी चहा-बिस्कीट. अंडं? “अजून लहान आहे ना, उष्ण पडेल.” केळं? “सर्दी होते.” दही? “कफ होतो.” शेंगदाण्याचं कूट? “पित्त वाढतं.” पालेभाजी? “पचायची नाही, दात कुठे आलेत अजून.” बिस्किटाबद्दल मात्र कोणाच्याच मनात शंका नसते. ते हलकं असतं, ते पचतं आणि बाळ ते आवडीने खातं.

हे बाळ आठ महिन्यांचे असते आणि वजनकाट्यावर जेमतेम साडेसहा किलो भरते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग लालसर दिसायच्या ऐवजी पांढुरका दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी केवळ ११.३ टक्के मुलांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. दहातल्या जवळपास सात मुलांमध्ये! हे आकडे फक्त मेळघाट किंवा नंदुरबारचे नाहीत, साऱ्या राज्याचे आहेत.

गरिबी हे याचे मोठे कारण आहे, त्यात वाद नाही. पण ते एकमेव कारण नाही. दारात मोटारसायकल आहे, घरात टीव्ही आहे, बाळाच्या बारशाला दोनशे पानं उठली आहेत, अशाही घरातले बाळ आठव्या महिन्यात वरणाच्या पाण्यावर असते. तिथे आड येतो तो पैसा नव्हे. आड येते ती नव्या पदार्थाची धास्ती. आणि माझे म्हणणे असे की, ही धास्ती आपण चुकीच्या घासाला लावून बसलो आहोत.

धास्ती मुळात वेडगळ नाही, हे आधी सांगितले पाहिजे. उंदीर, डुक्कर आणि माणूस यांसारख्या सर्वभक्षी प्राण्यांपुढे एक पेच कायमचा असतो. नवे अन्न खाल्ले नाही तर उपासमार, खाल्ले तर विषबाधेची शक्यता. म्हणून मेंदूने एक सोय करून ठेवली. नवे काही खाल्ल्यावर पोट बिघडले, तर ती चव कायमची काळ्या यादीत टाकायची. जॉन गार्सिया या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हे उंदरांवर दाखवले. गोड पाणी पीत असताना उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, त्याने ते आजारी पडले. पुढे ते गोड पाण्याला तोंड लावेनात. आजार पाण्याने आलेला नव्हता, पण उंदराच्या मेंदूने तो पाण्याच्या नावावर लिहून टाकला. नंतरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. परिचित आणि अपरिचित अशा दोन चवी एकापाठोपाठ दिल्या आणि मग आजार झाला, तर दोष अपरिचित चवीवर जातो. जुनी निर्दोष सुटते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला रानातल्या अळंब्या खाऊन अख्खी कुटुंबे आमच्याकडे दाखल होतात, तेव्हा ही धास्ती किती मोलाची आहे ते कळते. ठाणे-पालघरकडे जूनमध्ये शेवळं खातात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की पाणी गिळवत नाही, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून तिकडच्या बायका त्यात आंबट काकडं घालतात. हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या भोगून आलेले आहे. तेव्हा ‘नवे ते जपून’ म्हणणाऱ्या आजीला हसण्याचे मला कारण नाही.

पण हाच हिशेब सात महिन्यांच्या बाळाला लावला की गडबड होते. सुदृढ बाळालाही पहिल्या दोन वर्षांत दर वर्षी सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो. एकेक सर्दी आठवडाभर धरा. म्हणजे वर्षातले पन्नासेक दिवस बाळाचे नाक वाहत असते, मग तुम्ही त्याला काहीही भरवा. अशा वेळी केळ्याचा पहिला घास कोणत्या ना कोणत्या सर्दीच्या आगेमागे पडणारच. घरात पाच जण खोकत असतात, त्यातला एक जण बाळाचा मुका घेतो. विषाणू तिथून येतो, नाव मात्र केळ्याचे होते. दात येताना होणारे जुलाब, हवा बदलली म्हणून आलेला ताप, या सगळ्याचा ठपका त्या आठवड्यात जो पदार्थ नवा होता त्याच्यावर. एकदा ठपका बसला की पुढचे वर्षभर केळे बंद. दुसऱ्या बाळालाही बंद, कारण “मोठ्याला बाधलं होतं.”

बिस्कीट या चौकशीत कधीच सापडत नाही. ते घरात आधीपासून असते, सगळे खातात, दर वेळी त्याची चव तीच, रंग तोच, वास तोच. परिचित म्हणून ते संशयाच्या पलीकडे. त्यात मैदा, भरपूर साखर आणि पाम तेल असते, लोह जवळजवळ नसते. चहात बुडवून दिले तर नुकसान दुप्पट, कारण चहातले टॅनिन इतर अन्नातले लोहही शोषू देत नाही. गोडाची ओढ बाळ जन्मतः घेऊन येते, त्यामुळे ते बिस्कीट आवडीने खाते यात नवल काही नाही. पोट भरते, भूक मरते आणि पुढच्या वाटीतला वरणभात तसाच राहतो.

नव्याच्या भीतीला आमच्या वैद्यकशास्त्रानेही एके काळी खतपाणी घातले, हे इथे नमूद केले पाहिजे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला की, ज्या घरात ॲलर्जीचा इतिहास आहे तिथल्या बाळांना अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणा, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत. सल्ला जगभर पसरला, जोखीम नसलेल्या घरांतही पाळला जाऊ लागला. आणि तिकडची शेंगदाण्याची ॲलर्जी कमी होण्याऐवजी वाढत गेली. २००८ मध्ये संघटनेने तो सल्ला मागे घेतला, कारण पुराव्याचा आधार नव्हता.

त्याच वर्षी लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी एक साधे निरीक्षण मांडले. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट होती. वंश साधारण तोच, मग फरक कशाने? इस्रायलमध्ये बाळे सहा-सात महिन्यांची झाली की शेंगदाण्याच्या पिठापासून केलेला कुरकुरीत पण तोंडात विरघळणारा खाऊ खातात. ब्रिटनमध्ये वर्षभर शेंगदाणा बाळाच्या आसपासही फिरकू देत नसत. मग या गटाने खरी चाचणी घेतली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जोखमीचीच, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे निवडली. निम्म्यांना पाच वर्षे शेंगदाणा वर्ज्य, निम्म्यांना तो आठवड्यातून किमान तीनदा. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत ज्यांच्यात ॲलर्जीची खूण नव्हती, त्यांच्यापैकी शेंगदाणा टाळलेल्या गटात पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी निघाली. खाल्लेल्या गटात १.९ टक्के.

शरीराची प्रतिकारयंत्रणा मित्र कोण आणि शत्रू कोण हे पहिल्या वर्षात शिकत असते. जे तोंडावाटे, आतड्यातून, लवकर आणि नियमित येते त्याला ती बहुधा मित्र मानते. तेच इसब झालेल्या, भेगाळलेल्या त्वचेतून आधी भेटले, तर शत्रू मानण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘पोटाला अजून झेपणार नाही, थोडं थांबू’ हा विचार शेंगदाण्याच्या आणि अंड्याच्या बाबतीत उलटा ठरतो.

आपल्याकडे एक जुनी सूचना अजून चालते : अंड्याचा पिवळा बलक आधी, पांढरा भाग वर्ष झाल्यावर. त्याला आता आधार उरलेला नाही. सहा महिने पूर्ण झाले की पूर्ण उकडलेले अंडे, पांढऱ्यासकट, कुस्करून थोडे थोडे देता येते. पहिल्यांदा देताना चमचाभर, सकाळच्या वेळी द्यावे, म्हणजे दिवसभर बाळावर लक्ष राहते. दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, सारख्या उलट्या झाल्या किंवा श्वास घरघरला तर तो पदार्थ थांबवून तडक डॉक्टरकडे यावे. ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्या बाबतीत आधीच विचारावे. बाकीच्यांनी कुंडली मांडत बसू नये.

शेंगदाण्याबद्दल मात्र एक गोष्ट ठणकावून सांगतो. द्यायचे ते बारीक कूट, तेही नाचणीच्या खिरीत किंवा भातात कालवून. अख्खा शेंगदाणा नाही, अर्धाही नाही, पाच वर्षांचे होईपर्यंत नाही. फुटाणेही नाहीत. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा दुर्बिणीने काढावा लागलेली मुले कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाला नवी नाहीत, आणि प्रत्येक मूल वेळेत पोचत नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नको, बोटाला लावून चाटवायचाही नको. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. गंमत अशी की, जन्मल्याबरोबर मध चाटवायला घर तयार असते आणि आठव्या महिन्यात अंडे द्यायला नाही.

चवीची ओळख खरे तर उष्टावणाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. गर्भजलात आईच्या जेवणातले गंध उतरतात आणि बाळ ते पाणी गिळत असते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवले की, ज्या आयांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना नियमित गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचे खाणे कमी तोंड वाकडे करून खाल्ले. २०२२ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाने सोनोग्राफीतून गर्भाचे चेहरेच टिपले. आईने गाजराची कॅप्सूल घेतल्यावर हसरा वाटावा असा, आणि केल नावाच्या कडवट पालेभाजीची घेतल्यावर रडवेला.

हे वाचताना मला आपल्या बाळंतिणीच्या ताटाची आठवण होते. अळिवाचे लाडू, मेथी, लसूण, बाळंतशोपा, डिंक. या सगळ्याचे गंध दुधातून बाळापर्यंत पोचतात. लसणाचा गंध दुधात उतरतो आणि त्या दिवशी बाळ अंगावर जास्त वेळ राहते, हेही मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९९१ मध्ये नोंदवले आहे. आपली परंपरा इथे नकळत बरोबर होती. चुकते ते पथ्याचे. हे वातूळ, ते थंड, हे बाळाला बाधेल, असे म्हणत बाळंतिणीचे ताट वरण-भात-तुपावर आणून ठेवले तर आईचे पोषण तर घटतेच, बाळाची चवींची शाळाही बंद पडते. उष्ण-थंडाच्या भाषेशी माझे भांडण नाही. ती भाषा बोलून आईच्या ताटातून भाजी, कडधान्य आणि फळ काढून घेतले जाते, त्याच्याशी आहे.

सहा महिन्यांनंतर खरी संधी सुरू होते. पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडे असते. म्हणजे वरच्या अन्नातूनच ते यायला हवे. आणि नेमक्या याच महिन्यांत बाळ नव्या चवींना सर्वांत मोकळेपणाने सामोरे जाते. हा मोकळेपणा टिकत नाही. साधारण दोन वर्षांपासून मूल चालायला, स्वतःच्या हाताने वस्तू तोंडात घालायला सरावते, तेव्हा निसर्ग नव्याची धास्ती जागी करतो. फूड निओफोबिया म्हणतात तिला. सहा वर्षांपर्यंत तिचा जोर असतो. ब्रिटनमधल्या पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासात या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. तेव्हा ‘हिनेच लाडावून ठेवलंय’ म्हणून सुनेला बोल लावण्याचे कारण नाही. पण दोन वर्षांच्या आत ज्या चवी ओळखीच्या झाल्या, त्या या धास्तीतून बऱ्याच अंशी सुटतात. अठरा महिने फक्त पेज आणि बिस्कीट खाल्लेल्या मुलापुढे अडीचव्या वर्षी मेथीची भाजी ठेवली, तर त्याच्या लेखी ते रानातले अनोळखी पान असते.

पहिला घास बाळ जिभेने बाहेर ढकलते. ‘आवडलं नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. वास्तविक चार-सहा महिन्यांपर्यंत जीभ पुढे ढकलण्याची ती एक आपोआप होणारी क्रिया असते आणि ती जायला थोडा वेळ लागतो. नंतर येते वाकडे तोंड. कडू-आंबटाला वाकडे तोंड हा नवजात बाळाचाही जन्मजात प्रतिसाद आहे. त्यावरून नकाराचा निकाल काढायचा नसतो. वाकडे तोंड करून बाळाने पुन्हा तोंड उघडले, तर पुढचा चमचा द्यावा. नाहीच उघडले तर वाटी बाजूला ठेवावी आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच पुढे करावे.

किती वेळा? इथे संशोधन अगदी व्यवहारोपयोगी आहे. फ्रान्स आणि जर्मनीतल्या सात महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारले की, बाळाला कोणती भाजी मुळीच आवडत नाही. मग तीच भाजी एकाआड एक दिवस आठ वेळा दिली. आठव्या वेळेपर्यंत बहुसंख्य बाळे ती आवडत्या भाजीइतकीच खाऊ लागली आणि नऊ महिन्यांनंतरही त्यातली बरीच खात होती. आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, घरी आई दोन-तीन प्रयत्नांत हात टेकते. त्यातही आपल्या घरात निकाल देणारी माणसे जास्त. एकदा थुंकले की आजी म्हणते नको, काका म्हणतो नको, आणि शेजारची मावशी बिस्कीट घेऊन हजर.

उष्टावण हा सुंदर संस्कार आहे. मामाने भरवलेला खिरीचा घास, नवे कपडे, चांदीची वाटी. पण घास एकदा भरवून झाला की ‘सुरू केलं’ अशी सगळ्यांची समजूत होते. चव बाळाच्या ओळखीची होते ती त्या समारंभानंतरच्या पंधरा-वीस कंटाळवाण्या दुपारींमध्ये.

आमिष दाखवूनही चालत नाही. ‘भाजी खा, मग चॉकलेट’ हे वाक्य मोठ्या मुलांच्या घरात रोज ऐकू येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, एखादे पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिले तर मुले बक्षिसापुरते पितात आणि नंतर त्या पेयाची आवड आधीपेक्षा कमी होते. ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, हे चार वर्षांच्या मुलालाही कळते. मोबाइलवर गाणे लावून बेसावध तोंडात घास सारणे हाही तोच प्रकार. पोट भरते, पण काय खाल्ले ते मुलाला कळत नाही, मग चवीशी ओळख होणार कशी?

पातळपणाबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण आपल्या घरांत भीती जशी पदार्थाची तशी घट्टपणाचीही. वरणाच्या पाण्यात पाणीच असते, डाळ भांड्याच्या तळाशी राहते. बाळाचे पोट लहान, दोनशे मिलिलिटर पेजेने ते भरून जाते आणि शरीराला मिळते फार थोडे. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतके अन्न दाट हवे, वर चमचाभर तूप किंवा तेल हवे. दात नसले तरी हिरड्यांनी मऊ भात, कुस्करलेला बटाटा, शिजलेली डाळ सहज चिरडते. मिक्सरमधून गुळगुळीत करून महिनोन् महिने भरवणे हेही धोक्याचे. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल परिसरातील हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. ज्यांना दहा महिन्यांपर्यंत गुठळीचे अन्न मिळालेच नव्हते, ती मुले पुढे खाण्याच्या बाबतीत जास्त कटकटी निघाली आणि सातव्या वर्षीही कमी प्रकारच्या भाज्या-फळे खात होती. घास घशाशी आला की बाळाला उबळ येते, चेहरा लाल होतो, आई घाबरते. ही उबळ म्हणजे घास पुढे आणणारी रखवालदारी आहे. आवाज होत असेल, बाळ खोकत असेल तर थांबून पाहावे. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर तो गुदमरण्याचा प्रकार, तिथे क्षणही दवडायचा नाही. बाळाला उताणे नव्हे तर पालथे हातावर घेऊन, डोके खाली ठेवून, पाठीवर थापा मारायच्या.

अंड्याचा मुद्दा पुन्हा काढतो, कारण त्यावर आपल्याकडे राजकारण फार आणि विज्ञान थोडे बोलले जाते. इक्वेडोरमध्ये ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात खुंटलेल्या वाढीचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलेले दिसले. प्रयोग लहान होता, दीडशेच्या वर बाळांचा. मग आफ्रिकेतल्या मलावी देशात तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला, तर उंचीत फरक आढळला नाही. कारण शोधताना लक्षात आले की, तिथल्या मुलांच्या खाण्यात तळ्यातले मासे आधीपासूनच होते. म्हणजे अंड्यात जादू नाही. ताट रिकामे असेल तिथे ते भर घालते. आमच्याकडे येणाऱ्या बाळांची ताटे मलावीपेक्षा इक्वेडोरच्या जवळची आहेत. राज्याने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात अंडी देण्याचा निर्णय घेतला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यासाठीचा निधी बंद केला. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोय आहे. ती तिथवरच का, हा प्रश्न मी डॉक्टर म्हणून विचारणार.

ज्यांच्या घरात अंडे चालत नाही त्यांच्यावर ते लादण्याचा माझा विचार नाही. शाकाहारी घरातही बाळाचे ताट भरते. दाट वरण, मोड आणून शिजवलेली मटकी किंवा मूग, नाचणीचे सत्त्व नव्हे तर नाचणीचे अख्खे पीठ, दही, शेंगदाण्या-तिळाचे कूट, लाल भोपळा, पालक, आणि लोह शोषले जावे म्हणून वर लिंबाचे दोन थेंब. फक्त तिथे ‘आज नको’ म्हणायची चैन कमी आहे, कारण लोह आणि बी-१२ मिळवायला शाकाहारी बाळाला जास्त प्रकार लागतात. गाईचे दूध हे मुख्य अन्न म्हणून वर्षाच्या आत नको. ते लोहात गरीब आहे, आणि त्याने पोट भरल्यावर बाळ दुसरे काही खात नाही.

या सगळ्यात आईला दोषी ठरवणे सर्वांत सोपे. ऊसतोडणीला पहाटे निघणारी, वीटभट्टीवर राबणारी किंवा लोकल पकडून धुण्या-भांड्याला जाणारी बाई बाळाजवळ सात वर्षांच्या बहिणीला ठेवून जाते. त्या बहिणीला डाळ शिजवता येत नाही, पुडा फोडता येतो. पाच रुपयांचा पुडा, चूल नको, भांडे नको, नासत नाही. एक भाजी आठ वेळा करून सात वेळा वाया घालवायची, हा सल्ला अशा घरात कसा द्यायचा? मी तरी वेगळी भाजी करायला सांगत नाही. घरच्यांसाठी जी झाली आहे तीच, तिखट-मीठ घालायच्या आधी दोन चमचे बाजूला काढून कुस्करायला सांगतो. वाया गेलीच तर दोन चमचे जातात.

आमच्या यंत्रणेत मात्र एक मोठी फट आहे. सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे असताना केंद्रावर येते. त्यानंतरची लस थेट नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाची. म्हणजे साडेतीन ते नऊ महिने, ज्या काळात बाळाच्या तोंडी पहिला घास जायचा असतो, नेमके तेव्हाच लसीसाठी आमची भेट नाही. नवव्या महिन्यात बाळ येते तेव्हा पेज आणि बिस्किटाची घडी बसून गेलेली असते. ही फट भरायला २०१८ पासून आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचे, अशी योजना आहे. त्यातली सहाव्या महिन्याची भेट सर्वांत महत्त्वाची मानावी, असे माझे मत आहे. त्या भेटीत फॉर्म भरून ‘वरचा आहार सांगितला’ अशी खूण करण्यापेक्षा आशाताईने घरातलीच वाटी मागावी, घरात त्या वेळी जे शिजलेले असेल ते आजीसमोर कुस्करावे आणि आजीच्याच हाताने बाळाला भरवायला लावावे. बाळ तोंड वाकडे करील. तेव्हा आशाताई तिथे असली पाहिजे. ‘आजी, हे असंच असतं, परवा परत द्या,’ हे त्या क्षणी, त्या चुलीसमोर सांगितले तर पटते. नऊ महिन्यांनी आमच्या ओपीडीच्या रांगेत सांगितले तर आजी मान डोलावते आणि बाहेरच्या टपरीवर पुडा घेते.